हिरव्या डोक्याचा दगड

आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून मैलाचा एक दगड होता. किलोमीटर येऊन इतकी वर्षं झाली, पण दगड मात्र मैलाचाच राहिला! त्याच्या एका अंगाला लिहिलं होतं चाळीसगाव, दुसऱ्या अंगाला नांदगाव. मधल्या सुट्टीत त्याच्यावर बसायला पहिली-दुसरीच्या पोरांची भांडणं व्हायची. बसून बसून त्याचं डोकं अगदी गुळगुळीत झालं होतं. ते डोकं हिरवं होतं.

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. यंत्रं आली, खडी आली, धुरळा आला. एके सकाळी पाहतो तर दगड गायब! महिन्या-दोन महिन्यांनी तिथे नवा दगड उभा राहिला. चांगला उंच, कोरा करकरीत. पण त्याचं डोकं पिवळं.

"मॅडम, त्यांच्याकडचा हिरवा रंग संपला का?" एकाने विचारलं.

मुलांनो, तुम्हीही कधी गाडीतून जाताना या दगडांची डोकी पाहिली आहेत का? नसतील तर आता पाहा. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, म्हणजे राज्यातली शहरं नि तालुके जोडणारा. निळं किंवा काळं असेल तर जिल्ह्याचा रस्ता. आणि नारिंगी असेल तर समजायचं, ही खेड्यात जाणारी ग्रामसडक. टोपी बघून हवालदार कोण नि पोस्टमन कोण ते ओळखावं, तसं हे आहे.

आमचा रस्ता जळगावहून निघतो. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, नांदगाव करत मनमाडला पोचतो. वर्षानुवर्षं तो राज्यमार्ग होता. मग त्याला बढती मिळाली नि तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७५३ जे झाला. नंबर बदलला, रुंदी बदलली, दगडाची टोपी बदलली. गावं मात्र तीच आहेत, आणि गावातली माणसं अजूनही त्याला 'नांदगाव रोड' नाहीतर 'भडगाव रोड'च म्हणतात. ज्या तोंडाने बाहेर पडाल तसं नाव!

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या कामाने मी जळगावला गेले होते. परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. खिडकी मिळणं म्हणजे अर्धा प्रवास सुखाचा. मनात आलं, या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण पाहिला कधी? नेहमी एक तर वह्या तपासत असते, नाहीतर डुलकी काढत असते. आज पाहायचाच.

जळगाव सुटलं, शिरसोली गेली, की दोन्ही बाजूंना कपाशी सुरू होते. खान्देशातली आमची जमीन काळी. पाणी मुरवून धरते, म्हणून कपाशीला ती मानवते. हिवाळ्यात वेचणी चाललेली असते. बायका कमरेला कापडाची झोळी बांधून ओळीने पुढे सरकत असतात. रस्त्यावर कापसाने टम्म फुगलेले ट्रॅक्टर भेटतात. त्यांना ओलांडून जायचं म्हणजे ड्रायव्हरकाकांची परीक्षाच. बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस कितीतरी लांबवर दिसत राहतो.

गंमत अशी, की या रस्त्याचा एक सोबती आहे. तो म्हणजे लोहमार्ग. मुंबईहून भुसावळकडे जाणारे रूळ १८६० च्या दशकात या भागात पडले. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड ही रेल्वेचीही स्टेशनं आणि आमच्या रस्त्याचीही. रूळ कधी हाताशी येतात, कधी शेतांपलीकडे जातात. एकमेकांचा हात सोडून पुन्हा धरणारी दोन भावंडं जशी! फक्त भडगावची गंमत वेगळी. हे तालुक्याचं गाव, पण रेल्वे त्याला टाळून गेली. तिथल्या माणसाला गाडी पकडायची तर आधी रस्त्यानेच पाचोऱ्याला किंवा कजगावला जावं लागतं. अशा गावाला विचारा रस्ता म्हणजे काय ते.

पाचोऱ्याला आणखी एक छोटी गाडी होती. पाचोरा ते जामनेर, अरुंद रुळांवरून धावणारी. लोक तिला लाडाने 'पीजे' म्हणत. शंभर वर्षं ती चालली. इतकी सावकाश, की कुणी म्हणे उतरून ओंजळभर बोरं वेचावीत नि पुन्हा चढावं. (मी काही तसं करून पाहिलेलं नाही.) २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, ती छोटी गाडी म्हणून थांबलीच. तेव्हा तिची माणसं एसटीत आली, वडापच्या जीपमध्ये आली, म्हणजे रस्त्यावर आली.

भडगाव गिरणाकाठचं. गिरणा नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावते नि पुढे तापीला मिळते. तिच्यावर नांदगाव तालुक्यात मोठं धरण आहे. ते १९६९ साली पुरं झालं. आणि त्याच्या खाली, चाळीसगाव तालुक्यात, जामद्याचा जुना बंधारा आहे. तिथून निघालेले पाट जिथे पोचतात, तिथे रान एकदम बदलतं. इतका वेळ कपाशी नि ज्वारी पाहणाऱ्या डोळ्यांना अचानक केळीची, लिंबाची हिरवीगार बाग दिसते. पाट संपला की पुन्हा कपाशी. खिडकीतून पाणी दिसत नाही, पण ते कुठवर पोचलंय ते मात्र दिसतं.

भडगावला बस थांबली तेव्हा शेवभाजीचा असा काही वास आला, की विचारू नका! माझ्याजवळ घरची कळण्याची भाकरी नि भरीत होतं म्हणून बरं.

कजगाव गेलं, की येतं वाघळी. चाळीसगावच्या अलीकडचं हे गाव बसमधून पाहिलं तर इतर गावांसारखंच. थांब्यावरची टपरी, पिंपळाचा पार, दुधाचे कॅन घेऊन उभे असलेले बाबा. पण या गावात दगडात कोरलेला एक लेख सापडला. शके ९९१ चा, म्हणजे इसवी सन १०६९ चा! त्यात यादवांचा राजा सेउणचंद्र आणि त्याचा मांडलिक गोविंदराज यांची नावं आहेत. शिवरायांच्या जन्माआधी साडेपाचशे वर्षांहून जास्त. म्हणजे आपण ज्या थांब्यावर 'वाघळीवाले उतरून घ्या' ऐकतो, तिथे साडेनऊशे वर्षांपूर्वीही कुणीतरी बसून अक्षरं कोरत होतं. मी माझ्या शेजारी बसलेल्या वाघळीच्या आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हई ना माय! गाव काय आजनं शे?" आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. आजींना काही नवल वाटलं नाही. मलाच वाटलं.

मग चाळीसगाव.

चाळीसगाव म्हणजे चौक आहे. एकीकडून आमचा रस्ता येतो-जातो. दुसरीकडून धुळ्याहून येणारा मोठा रस्ता मेहुणबाऱ्याजवळ गिरणा ओलांडून येतो नि दक्षिणेला कन्नडच्या घाटात चढतो. धुळ्याचे रूळही इथेच येऊन मिळतात, तो फाटा १९०० साली सुरू झाला. इतकी वाहतूक, इतके भोंगे! आणि याच गावात, स्टेशनजवळच्या बंगल्यात, केकी मूस नावाचे मोठे छायाचित्रकार राहत. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यातून डोंगर नि वाळवंट वाटावं अशी छायाचित्रं ते काढत. जगभर त्यांचं नाव झालं, पण ते स्वतः वर्षानुवर्षं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, असं गावातली जुनी माणसं सांगतात. १९८९ साली ते गेले. सगळे रस्ते दारात असून कुठेच न जाणारा माणूस! मला त्यांचं फार कुतूहल वाटतं.

घाट चाळीसगावहून दिसतो. दक्षिणेला निळ्या भिंतीसारखी डोंगररांग आहे, सातमाळ्याची. आम्ही तिच्या खालचे, म्हणून घाटाखालचे. कन्नडवाले घाटावरचे. या घाटाला औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी १८२५ साली खान्देशात आला. त्याने इथल्या भिल्लांची पलटण उभी केली. त्याच्यावरून हे नाव पडलं. पण वाट काही त्याने शोधलेली नाही. घाटमाथ्याजवळ पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथे दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत पैठणचा एक अत्तरवाला आहे! आता पैठणच्या अत्तरवाल्याचं या रानात काय काम? तर इथून वाट जात होती. माणसं माल घेऊन डोंगर चढत-उतरत होती. भिक्षूंची लेणीही मग अशा वाटेच्या आसऱ्यानेच झाली. खाली पायथ्याला पाटणादेवी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचं गणित शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं तिथला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सांगतो. गणिताला कंटाळणाऱ्यांनो, तेव्हाही सुटका नव्हती बरं का!

या घाटाची आणखी एक गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली होती, नि ती पुढे मी पुस्तकात पडताळून पाहिली. घाटाखाली इंग्रजांचं राज्य होतं आणि घाटावर हैदराबादच्या निजामाचं. वर गेलं की नाणं वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणत. जकात घेणारं खातंही वेगळं, त्याला करोडगिरी म्हणत. मुलगी घाटावर दिली, म्हणजे दुसऱ्या राज्यात दिली! १५ ऑगस्ट १९४७ ला चाळीसगावात तिरंगा लागला, पण घाट चढून कन्नडला गेलं तर तिथे अजून निजामच होता. तिथे स्वातंत्र्य यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. एका घाटाच्या दोन टोकांमध्ये तेरा महिन्यांचं अंतर!

आणि आता चाळीसगावच्याच रस्त्यावरची एक गोष्ट. ही फार लांबच्या रस्त्याची नाही. स्टेशनापासून वस्तीपर्यंतच्या एवढ्याशा रस्त्याची आहे.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीच्या कामासाठी खान्देशात आले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, असं ते काम होतं. धुळ्याकडून परत मुंबईला जाताना ते चाळीसगाव स्टेशनात उतरले. तिथल्या दलित वस्तीतली माणसं त्यांना न्यायला आली होती. एक रात्र आमच्याकडे राहा, म्हणून आग्रह करत होती. बाबासाहेब थांबले. पण टांगा काही लवकर येईना. तासभर गेला. शेवटी एक टांगा आला. तो थोडा पुढे जातो न जातो तोच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. बाबासाहेबांना नवल वाटलं, रोज टांगा हाकणारा माणूस इतका अडाणी कसा? पुढे नदीवर फरशी होती. तिला कठडा नव्हता, कडेला नुसते दगड रोवलेले. तिथे वळताना चाक दगडाला अडलं, बाबासाहेब जोरात फेकले गेले. घोडा नि टांगा नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला.

खरी गोष्ट त्यांना नंतर कळली. गावातल्या टांगेवाल्यांनी त्यांना आपल्या टांग्यातून न्यायला नकार दिला होता. त्यांच्यासाठी टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. मग वस्तीतल्या लोकांनी तोड काढली. टांगा भाड्याने घ्यायचा, हाकायला मात्र आपलाच माणूस बसवायचा. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी लगाम धरला नव्हता. पाहुण्याचा मान राहावा म्हणून तो बसला. बॅरिस्टर झालेल्या, परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या माणसासाठी स्टेशनाबाहेर उभ्या टांग्यांपैकी एकही निघाला नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

दरवर्षी मी ही गोष्ट चौथीला सांगते. दरवर्षी वर्ग गप्प होतो आणि मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, रस्ता तर सरकारी होता ना?"

हो, रस्ता सरकारी होता.

आता आमच्या शाळेकडे परत येते. चाळीसगाव सोडून नांदगावकडे निघालं, की हिरापूर, मग न्यायडोंगरी. रान कोरडं होत जातं. माळ, बोरी, बाभळी. रस्त्यापासून आत तांडे आहेत. आमची शाळा या पट्ट्यात, अगदी रस्त्याला लागून. निम्मी मुलं रस्त्याच्या पलीकडून येतात. घरी गोरमाटी बोलतात, गल्लीत अहिराणी, वर्गात मराठी. तीन भाषा येणाऱ्या मुलांना 'मागे पडलेली' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, ते असो.

पूर्वी या रस्त्यावर फार वर्दळ नसे. एसटी, मोटरसायकली, कांद्याचे टेम्पो, कधी बैलगाडी. पोरं शिवणापाणी खेळत रस्ता ओलांडत. मग घाटाने आमचं सगळं बदलून टाकलं. तुम्ही म्हणाल, घाट तर तिकडे, तुमचा रस्ता इकडे! ऐका.

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीत असा पाऊस झाला, की चाळीसगावात तितूर नि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारात शिरलं. गोठ्यांतली जनावरं वाहून गेली. आणि घाटात दरडी कोसळल्या. रस्त्यावर चिखल, झाडं, घराएवढे धोंडे. घाट कितीतरी दिवस बंद राहिला. दुरुस्ती झाली, पण अवजड गाड्या, वळणावर बंद पडलेले कंटेनर, आठ-आठ तासांच्या रांगा, हे काही संपलं नाही. घाटाखालच्या माणसाला कन्नडच्या दवाखान्यात न्यायचं, तर रुग्णवाहिकाही त्या रांगेत. शेवटी २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना घाट बंद झाला.

घाटाचं बरं झालं. पण ट्रक काही हवेत विरत नाहीत. ते नांदगावमार्गे निघाले, म्हणजे आमच्या शाळेसमोरून!

चौदा चाकी, अठरा चाकी, बावीस चाकी. मुलांना आधी फार मजा वाटली. चाकं मोजायचा खेळ सुरू झाला. पाढे पाठ नसलेला एक मुलगा बावीसच्या पटीत मोजायला शिकला, खोटं नाही सांगत. पण फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवावं तर भोंगा. प्रार्थना म्हणावी तर भोंगा. आणि दहा वाजता पलीकडच्या चाळीस पोरांना अलीकडे आणायचं, पाच वाजता पोचवायचं, म्हणजे काळजाचं पाणी व्हायचं. आम्ही दोन शिक्षक. एकाने या बाजूला उभं राहायचं, एकाने त्या बाजूला. माझ्याकडे जुन्या साडीच्या लाल काठाचं निशाण होतं. आई-वडील सोबत यायला लागले. अर्ज केले, पुन्हा केले, तेव्हा पुढे शाळा असल्याचा फलक नि रस्त्यावर पांढरे पट्टे आले. कितीतरी ट्रकड्रायव्हर मात्र फलक नव्हता तेव्हाही निशाण पाहून थांबायचे. पंजाबचे, तामिळनाडूचे, कुठले कुठले. एकजण रोज हात हलवायचा. पोरांनी त्याचं नाव 'बावीसवाले काका' ठेवलं होतं.

असा हा रस्ता मुलं शाळेत यायला ओलांडतात. आता सांगते, तो मुलं घेऊन कसा जातो.

दिवाळी झाली, की आमच्या शाळेचा पट वहीत तोच राहतो, पण वर्गात निम्मा होतो. तांड्यांवरची, वाड्यांवरची घरं ऊसतोडीला निघतात. कोरडं रान, एकाच पिकाची शेती, तीही पावसावर. पावसाळ्यात मुकादम येऊन उचल देऊन गेलेला असतो, म्हणजे आगाऊ पैसे. ते लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात खर्च झालेले असतात. ते फेडायला नवरा-बायकोने मिळून जायचं. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, पण मोजायची एक कोयता! गणित शिकवणारी मी, मला हा हिशेब कधी पटलेला नाही.

पहाटे ट्रक येतो. त्यात बांबू, चटया, पाण्याची टिपाडं, शेळी, कोंबड्या, नि सगळ्यांच्या वर पोरं. कधी नगरकडे, कधी त्याच्याही पलीकडे. येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. मुलांनी मागे राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ज्यांना जावंच लागतं त्यांच्याबरोबर आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. काही मुलं बसतात. काही फडात धाकट्या भावंडांना सांभाळतात.

तीन वर्षांपूर्वी चौथीतली एक मुलगी अशी निघाली होती. हुशार. अक्षर तर असं, की फळ्यावरची तारीख मी तिच्याकडूनच लिहून घ्यायची. आदल्या दिवशी पत्रक घ्यायला आली आणि रडायला लागली. काय बोलावं मला सुचेना. शाळेसमोर तो पिवळ्या डोक्याचा दगड दिसला. म्हटलं, "तुला एक अभ्यास देते. ट्रकमधून बाहेर बघायचं. दगडावर, पाटीवर जे गाव दिसेल ते लिहायचं. नि दगडाच्या डोक्याचा रंगही लिहायचा. पिवळं असेल तर 'पि', हिरवं असेल तर 'हि'. आल्यावर मला दाखवायचं."

ती एप्रिलमध्ये आली. काळवंडली होती, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे होते. दप्तरातून वही काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

न्यायडोंगरी पि. नांदगाव पि. मनमाड पि. मग अंकाई, तिथे किल्ल्याचा डोंगर काढलेला. येवला पि. कोपरगाव पि, आणि पानभर आडवी निळी रेघ. "ही गोदावरी, मॅडम. पुस्तकातली. पूल संपेचना." त्यानंतर एक जागा कोरी. "तिथे झोप लागली." मग एक गाव, 'हि'. आणखी एक, त्याच्यापुढे 'काळं'. त्यानंतर गावाचं नावच नाही. नुसतं लिहिलेलं, 'दगड नाही. ऊस.'

त्यापुढे चार महिन्यांची पानं कोरी होती. शेवटच्या पानावर हीच यादी उलट्या क्रमाने पुन्हा लिहिली होती, कोपरगाव, येवला, अंकाई, मनमाड. त्यातली नावं पहिल्यापेक्षा जास्त होती. येताना ती झोपलीच नव्हती.

ती यादी आम्ही वर्गाच्या भिंतीवर नकाशाशेजारी चिकटवली. परिसर अभ्यासाच्या तासाला मी गोदावरी शिकवायला घेतली, तेव्हा त्या मुलीने उठून सांगितलं, की कोपरगावच्या पुलावरून पाणी कसं दिसतं, कडेला गाळ कुठे आहे नि म्हशी कुठे बसतात. मी गोदावरी नाशिकला पाहिली आहे. कोपरगावची पाहिलेली नाही. मीही ऐकत बसले.

यंदा ती आजीजवळ राहून सातवीत शिकते आहे, रोज एसटीच्या पासावर मोठ्या गावच्या शाळेत जाते. मुलींच्या पासाला पैसे पडत नाहीत, ते एक बरं आहे. आई-वडील मात्र या दिवाळीनंतरही गेले, नि धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर गेला. तो दुसरीत आहे. जायच्या आदल्या संध्याकाळी ती त्याला घेऊन शाळेत आली होती, नवी वही दाखवायला. मी त्याला रंग विचारले. पिवळं म्हणजे काय, हिरवं म्हणजे काय, सगळं त्याला येत होतं. फक्त जोडाक्षरं त्याला अजून नीट जमत नाहीत, म्हणून पहिल्या ओळीवर 'न्यायडोंगरी' तिने आधीच लिहून दिलं होतं.